मालट्रकच्या व्हॉल्व्ह-स्प्रिंगा घरीं बदलणें

ज्या बागाइतदारांच्या दारीं स्वतःचा मालट्रक आहे, त्यांस ऊस, कांदा वेळेवर पोंचविण्याची मोठी सोय झाली आहे. परंतु तिच्याबरोबर यंत्राची जोखीमही घरांत आली. एक लहानशी स्प्रिंग तुटली, तरी ऐन हंगामांत ट्रक दारांत उभा राहतो. ही स्प्रिंग घरीं बदलतां येते काय, आणि येत असल्यास कोणती सावधगिरी ठेवावी, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. उदाहरणादाखल कमिन्सचें ५.९ लिटरचें, सहा सिलिंडरांचें व बारा व्हॉल्व्हांचें डिझेल यंत्र घेतलें आहे. अमेरिकेंत १९८९ ते १९९८ या काळांत तें डॉज ट्रकांवर बसवीत असत. त्याच कुळांतलीं यंत्रें आपल्याकडील टाटा ट्रकांवरही आढळतात.

प्रत्येक सिलिंडरास हवा आंत घेणारी एक व धूर बाहेर सोडणारी एक, अशा दोन झडपा असतात. त्यांसच व्हॉल्व्ह म्हणतात. झडप उघडण्याचें काम रॉकर करतो. मिटविण्याचें काम मात्र एकट्या स्प्रिंगकडे असतें. यंत्र मिनिटाला २००० फेरे घेत असतां प्रत्येक झडप १००० वेळां, म्हणजे तासाला ६०,००० वेळां उघडते. हा हिशेब पाहिला म्हणजे पोलादही थकतें याचें नवल वाटत नाहीं.

स्प्रिंग दुबळी झाली म्हणजे वेग वाढवितांच यंत्र चुकूं लागतें. घाट उतरतांना एक्झॉस्ट ब्रेक लावणारांनीं याकडे विशेष लक्ष द्यावें. या ब्रेकांत धुराची वाट अडविली जाते; कोंडलेला दाब धुराच्या झडपेस मागून ढकलतो, आणि स्प्रिंग कमजोर असल्यास झडप अवेळीं उघडते. वरून टकटक ऐकूं आली, तर मात्र प्रथम टॅपेटची फट तपासावी. पुष्कळदां दोष तेवढाच असतो.

आतां मुख्य मुद्दा. या कामासाठीं सिलिंडरचें हेड उतरविण्याची गरज नाहीं. डिझेल यंत्रांत हवा फार दाबावी लागते, म्हणून पिस्टन माथ्यावर आला असतां त्याच्या व हेडच्या मध्यें जागा अगदीं थोडी उरते. त्या वेळीं स्प्रिंग काढली, तर झडप किंचित् खालीं येऊन पिस्टनवर टेकते. उलट पिस्टन खालीं असतां लॉक काढलें, तर झडप सिलिंडरांत पडते, आणि मग हेड खोलण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. दुसऱ्या जातीच्या यंत्रांत ही सोय आहे कीं नाहीं, हें त्याच्या पुस्तकांत पाहूनच काम आरंभावें.

या यंत्रांत पिस्टन जोडीनें माथ्यावर येतात: १ व ६, २ व ५, ३ व ४. म्हणून तीन जागीं यंत्र थांबविलें, कीं बाराही स्प्रिंगा बदलतां येतात.

यंत्र थंड असावें, चाकांस उटी लावावी, गिअर काढून ठेवावा व बॅटरीची तार सोडावी. झांकणें काढण्यापूर्वी वरची धूळ पुसावी. रॉकरच्या पायांतील लांब बोल्ट हेडही आवळून धरतो. यास्तव एका वेळीं एकाच सिलिंडरचा रॉकर उतरवावा. बोल्ट ताणून लांबला नाहीं ना, हें पुस्तकांतील मापाशीं ताडावें. उघडीं भोंकें फडक्यानें झांकावीं. नंतर स्प्रिंग दाबण्याच्या हत्यारानें ती दाबून लॉकचीं दोन्ही अर्धुकें चुंबकानें उचलावीं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर डोळा जाईल, म्हणून चष्मा अवश्य घालावा. एकही स्प्रिंग निघालेली असतां यंत्र तिळभरही फिरवूं नये.

नवी स्प्रिंग बसविल्यावर दोन्ही अर्धुकें खांचेंत नीट बसलीं कीं नाहींत हें पाहावें. रॉकर बसवितांना टॅपेटचा स्क्रू सैल ठेवावा, आणि बोल्ट पुस्तकांतील क्रमानें टॉर्क पान्यानेंच आवळावे. शेवटीं थंड यंत्रावर फट हवेच्या झडपेस ०.०१० इंच व धुराच्या झडपेस ०.०२० इंच ठेवून, यंत्र हातानें दोन पूर्ण फेरे फिरवावें. कोठें अडलें नाहीं, तरच चालू करावें.

तुटलेल्या स्प्रिंगमुळें झडप वांकली असेल, किंवा ती नीट मिटत नसेल, तर नव्या स्प्रिंगनें गुण येणार नाहीं; तेथें मिस्त्रीस बोलाविणेंच किफायतीचें. जुन्या स्प्रिंगांची मोकळी लांबी, कामाची तारीख व ट्रकचे किलोमीटर वहींत नोंदून ठेवावे. जमिनीचा उतारा आपण जपून ठेवतों, तशी यंत्राचीही नोंद जपली, तर पुढील हंगामांत तिचा उपयोग झाल्यावांचून राहणार नाहीं.