नायक पोटासाठी काय करतो?

लेखमाला : दूरचा पडदा – भाग ९

आपल्या सिनेमातला नायक सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतो आणि संध्याकाळी परततो. मधल्या आठ तासांत तो नेमकं काय करतो, हे विचारायची पद्धत नाही. फार तर टेबलावर दोन फायली दिसतात, कुणीतरी दारातून डोकावून ‘सर, मीटिंग’ म्हणतं, तेवढ्यात फोन वाजतो आणि गोष्ट सुरू होते. कामाचा उपयोग इतकाच, की नायकाला त्यातून उठून जाता यावं.

या आठवड्यात सुचवणार आहे त्या चित्रपटांचा कॅमेरा नेमका त्या मधल्या आठ तासांतच मुक्काम ठोकून बसलेला असतो. संडास घासणं, नाडी मोजणं, सायकलवरून जेवण पोचवणं, लाकडं फोडणं. असले सिनेमे सुचवले की ठरलेली तक्रार येते, ‘छान आहे हो, पण काही घडतच नाही.’ घडत असतं. पण ते हातांत घडत असतं आणि आपण सवयीनं चेहऱ्याकडे बघत बसतो.

हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, आईनं शिकवलं. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. २०२२ च्या कौलात सोळाशेहून अधिक जणांनी मतं दिली आणि पहिला क्रमांक मिळाला शांताल अकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या ‘जान दिलमन’ला. चित्रपट १९७५ चा, लांबी २०१ मिनिटं. ब्रुसेल्समधली एक विधवा बाई, तिचा शाळकरी मुलगा, तीन दिवसांची घरकामं आणि दुपारी पैशांसाठी घरी येणारा एकेक पुरुष. मी तो वही-पेन घेऊन, जरा गंभीर चेहऱ्यानं पाहत होतो. आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. दुसऱ्या दिवसाच्या दुपारी ती ताटातून मान वर करून म्हणाली, ‘अरे, तिचे बटाटे गेले.’ मला काहीच कळलं नव्हतं. दोन मिनिटांनी जान स्वयंपाकघरात येते, झाकण काढते. बटाट्यांचा लगदा झालेला असतो. मग ते पातेलं हातात घेऊन ती घरभर फिरते, कुठे ठेवावं ते तिला सुचत नाही. ‘आता हिचं काही खरं नाही,’ आई म्हणाली. जगभरच्या अभ्यासकांनी त्या बटाट्यांवर पानंच्या पानं लिहिली आहेत. जानची घडी विस्कटली ती तिथे, हे ते सगळे सांगतात. आईला ते ताटावरून नजर उचलताना समजलं, कारण तिनं आयुष्यात हजारदा बटाटे उकडले आहेत.

तेव्हा पहिली सूचना ही, की ‘जान दिलमन’नं सुरुवात करू नका. साडेतीन तास फार होतात. पण पुढचे सगळे चित्रपट त्या पातेल्याचे वारसदार आहेत, म्हणून त्याचा उल्लेख टाळता येत नव्हता.

व्हिम वेंडर्सचा ‘परफेक्ट डेज’ (२०२३) बहुतेकांनी ऐकलेला असेल. टोकियोतला हिरायामा सार्वजनिक शौचालयं साफ करतो. पहाटे उठतो, रोपांना पाणी घालतो, यंत्रातून कॉफीचा डबा घेतो, गाडीत कॅसेट लावतो आणि कामाला लागतो. भांड्याच्या कडेखालची, कुणालाही न दिसणारी जागा साफ झाली का, हे बघायला तो छोटा आरसा वापरतो. तो आरसा म्हणजे अख्खा माणूस आहे. कोजी याकुशोला या भूमिकेसाठी कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, आणि त्याला संवाद असे फारसे नाहीतच. हिरायामा हे आडनाव जपानी दिग्दर्शक ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’तल्या कुटुंबाचं. वेंडर्सनं ओझूवरची भक्ती कधी लपवलेली नाही.

मला हा चित्रपट आवडतो आणि त्याच्याशी माझं भांडणही आहे. शिबुया भागात तादाओ आंदो, शिगेरू बान, केंगो कुमा अशा नामांकित वास्तुविशारदांकडून सतरा शौचालयं बांधून घेण्यात आली. बाननं बांधलेल्या शौचालयाच्या रंगीत काचा आरपार दिसतात आणि आतून कडी लावली की धूसर होतात. या प्रकल्पावर काही लघुपट करावेत असं वेंडर्सना सुचवलं गेलं आणि त्यातून हा पूर्ण चित्रपट आला. त्यामुळे हिरायामा जे साफ करतो ते मुळातच बऱ्यापैकी स्वच्छ असतं. घाण पडद्यावर येतच नाही. कामातली शांती दिसते, पण ती शांती कुणाला परवडते हा प्रश्न दाराबाहेर राहतो. हिरायामाची बहीण चालक असलेल्या मोटारीतून येते तेव्हा एवढं कळतं, की तो सुखवस्तू घरातला आहे आणि हे आयुष्य बहुधा त्यानं निवडलेलं आहे. आपल्याकडे या कामाला निवड म्हणत नाहीत, जात म्हणतात.

म्हणून ‘परफेक्ट डेज’ पाहिल्यावर त्याच आठवड्यात चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) पुन्हा पाहा. मराठी वाचकांना त्याची ओळख करून द्यायला नको, पण त्यातल्या एका साक्षीकडे या वेळी नीट लक्ष द्या. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची बायको पिंजऱ्यात उभी असते. नवरा काम कसं करायचा हे तिला विचारलं जातं. ती सांगते, आत उतरण्याआधी तो दगड टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत जीव तगतो, म्हणजे उतरायला हरकत नाही. वास सोसावा म्हणून आधी दारू प्यायचा. एक डोळा गेलेला. तिच्या आवाजात रडणं नाही, तक्रारही नाही. डाळ कशी शिजवायची हे सांगावं तसं ती सांगते. ही भूमिका केलेली स्त्री प्रत्यक्षातही अशाच एका कामगाराची विधवा आहे. माणसाला हातानं मैला काढायला लावण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा, म्हणजे चित्रपटाच्या आदल्या वर्षीचा. तिकडे आरसा, इकडे झुरळ. कामाची दोन्ही हत्यारं लक्षात राहतात, पण मला रात्री जागं ठेवतं ते दुसरं.

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’बद्दल (२०२४) पुरेसं छापून आलं आहे. तीस वर्षांनी भारतीय चित्रपट कानच्या मुख्य स्पर्धेत गेला, ग्राँ प्री घेऊन आला, वगैरे. मी एवढंच सांगेन, की त्यातल्या प्रभा आणि अनु या मल्याळी परिचारिकांचं प्रेम, एकटेपण, भांडण यांच्याइतकंच त्यांचं कसब पाहा. शिकाऊ मुली वार बघून नाक मुरडतात तेव्हा प्रभा त्यांना ज्या सुरात दटावते, त्या सुरात तिची पंधरा-वीस वर्षांची नोकरी ऐकू येते. पुढे समुद्रकिनारी एका बेशुद्ध माणसाच्या छातीवर हेच हात दाब देतात आणि तिथून चित्रपट भलत्याच वाटेला वळतो. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती मात्र आपली, रत्नागिरीकडची. नवरा गिरणीत होता. राहती जागा बिल्डरला हवी आहे आणि तिच्याकडे कागद नाही. आयुष्यभर राबली त्या शहरात आपण होतो याचा पुरावाच तिच्याजवळ नाही. छाया कदम यांनी पार्वती कुठेही केविलवाणी होऊ दिलेली नाही. रात्री बिल्डरच्या फलकावर दगड भिरकावताना तिचा चेहरा शाळेतल्या पोरीसारखा खुलतो.

कागदावरून आठवण झाली ती ‘सुलेमानची गोष्ट’ या फ्रेंच चित्रपटाची. या यादीतला हा माझा सगळ्यात लाडका. दिग्दर्शक बोरिस लोजकीन, साल २०२४. गिनी देशातून आलेला सुलेमान पॅरिसमध्ये सायकलवरून जेवण पोचवतो. दोन दिवसांनी आश्रयासाठीची त्याची मुलाखत आहे. ती पार पडल्याशिवाय त्याला काम करायचा हक्क नाही, म्हणून तो दुसऱ्याचा आयडी भाड्यानं घेऊन काम करतो. आयडीचा मालक कमाईतला वाटा कापून घेतो. आणि अ‍ॅप मधूनच चेहरा मागतं. सेल्फी काढून तूच तो आहेस हे दाखव, म्हणतं. मग ऑर्डर सोडून सुलेमान शहर ओलांडत त्या मालकाकडे धावतो, त्याचा चेहरा दाखवतो, पुन्हा पेडल मारतो. रात्री निवाऱ्याकडे जाणारी शेवटची बस चुकली की झोपायची जागा गेली. या सगळ्या धावपळीत तो तोंडानं एक गोष्ट पाठ करत असतो. मुलाखतीत सांगायला म्हणून विकत घेतलेली, छळाची आणि तुरुंगाची, दुसऱ्याच कुणाची गोष्ट. आयडी दुसऱ्याचा, चेहरा दुसऱ्याचा, दुःखही दुसऱ्याचं.

सायकल आणि नोकरी यांचं नातं सिनेमाला नवं नाही. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये (१९४८) भिंतीवर पोस्टर चिकटवायची नोकरी सायकल असेल तरच मिळते. सायकल चोरीला जाते आणि बाप-लेक रोमभर वणवण करतात. १९५२ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ आला. दे सिकानं कामगाराच्या भूमिकेसाठी खराखुरा कारखान्यातला कामगार घेतला होता. लोजकीननंही तेच केलं. सुलेमान झालेला अबू सांगारे अभिनेता नव्हे. तो गिनीहून आलेला, गाड्या दुरुस्त करायचं काम शिकलेला तरुण. २०२४ च्या मे महिन्यात कानच्या ‘अं सर्तें रगार’ विभागात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तेव्हा फ्रान्समध्ये राहायचा परवाना त्याच्याकडे नव्हता. तो मिळाला २०२५ च्या जानेवारीत, एका वर्षापुरता.

या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळपास नाही. सायकलचा आणि रहदारीचा आवाज आहे, फोनवरची टिंग आहे. ती टिंग वाजली की आता मलाही दचकायला होतं. परवा आमच्या जिन्यात एक मुलगा धापा टाकत उभा होता आणि पावसात भिजलेलं दोनशे बारा रुपयांचं पार्सल देताना ‘सर, रेटिंग द्या’ म्हणाला. आकडा लक्षात राहिला, त्याचा चेहरा नाही. चित्रपट पाहिल्यावरही.

र्‍युसुके हामागुचीचा ‘एव्हिल डज नॉट एक्झिस्ट’ (२०२३) थोडक्यात उरकतो, कारण त्याच्या शेवटाबद्दल बोलायचं तर तो सांगून टाकावा लागेल. टोकियोजवळच्या एका खेड्यात ताकुमी नावाचा माणूस पडेल ते काम करतो. लाकडं फोडतो, झऱ्याचं पाणी भरून उडोन शेवयांच्या खानावळीला नेऊन देतो. कुऱ्हाड पडते, ओंडका दुभंगतो, आणि हे बराच वेळ चालतं. मग शहरातली एक कंपनी तिथे श्रीमंती तंबूंचं पर्यटन केंद्र काढायचं म्हणून येते. गावकऱ्यांची सभा भरते आणि अख्खी सभा सेप्टिक टँक कुठे असावा यावर. वरच्या अंगाला घाण सोडली तर खालच्यांनी प्यायचं काय, एवढा साधा प्रश्न. कोकणात नाही तर सह्याद्रीच्या पायथ्याशी रिसॉर्टांवरून झालेली एखादी ग्रामसभा ज्यानं पाहिली असेल, त्याला जपानीची उपशीर्षकं लागणार नाहीत. कंपनीचा माणूस पुढे ताकुमीकडून कुऱ्हाड मागून घेतो. दोन-तीनदा फसतो, मग एक ओंडका नीट फुटतो आणि तो असा हरखतो, की जणू नोकरी सोडून इथेच राहावं. एका ओंडक्यात खेडं कळल्याचा तो भ्रम हामागुचीनं फार बेरकीपणानं टिपला आहे.

आता सुरुवात कुठून करायची? अकी कौरिस्माकीच्या ‘फॉलन लीव्ह्ज’पासून (२०२३). फक्त ८१ मिनिटं. हेलसिंकीतली आन्सा सुपरमार्केटात काम करते. मुदत उलटलेलं, फेकायचंच अन्न पर्समध्ये ठेवलं म्हणून तिची नोकरी जाते. होलप्पा धातूकाम करतो आणि दारू पितो. कामावर नळी फुटून तो जखमी होतो. नळी मालकानं बदललेली नसते, पण रक्तात दारू सापडते, म्हणून नोकरी याचीच जाते. रेडिओवर युक्रेनच्या युद्धाच्या बातम्या चालू असतात. दोघं भेटतात, तो तिचा फोन नंबर हरवतो, आणि पुढे एक कुत्राही येतो. माणसं दगडी चेहऱ्यानं बोलतात आणि आपण हसत सुटतो. कौरिस्माकीनं २०१७ साली निवृत्ती जाहीर केली होती, ती मोडून हा चित्रपट केला, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

हाही आईबरोबरच पाहिला. आन्सा होलप्पाला जेवायला बोलावते आणि दुकानात जाऊन एक ताट विकत घेते, सोबत सुरी-काटा. मी वहीत प्रकाशयोजनेबद्दल काहीतरी लिहीत होतो.

‘म्हणजे इतके दिवस घरात एकच ताट होतं,’ आई म्हणाली.