निराशा कोणाला उद्देशून?

पळस्पे फाट्यावर मुंबईहून आलेला रस्ता दुभंगतो. एक खंडाळ्याच्या घाटाकडे जातो, दुसरा कोकणाकडे वळतो. या दुसऱ्या रस्त्याच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. ‘हा रस्ता आपल्या हयातीत व्हायचा नाही’, असे फाट्यावर चहा पिता पिता म्हटले, तर तो केवळ सुस्कारा ठरतो. तेच वाक्य वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात उतरले, की त्याची तक्रार होते. कारण तेथे कोणीतरी उत्तर द्यावे, अशी अपेक्षा असते. शब्द तेच, परंतु अर्थ निराळा.

याच रस्त्यावर, पळस्प्यापासून थोड्याच अंतरावर, शिरढोण हे गाव आहे. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ मध्ये तेथे झाला. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणाऱ्या या गृहस्थाने १८७६-७७ च्या दुष्काळात रयतेची दैना पाहिली आणि पुढे सशस्त्र बंड उभारले. बंड विसकटल्यावर १८७९ मध्ये ते श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. तेथे प्राणत्याग करण्यापर्यंत त्यांचे मन खचले होते. आपल्या हातून कार्य तडीस गेले नाही, याबद्दल त्यांनी आत्मचरित्रात देशबांधवांची क्षमा मागितली आहे.

क्षमा मागायची, तर ती ऐकणारा कोणीतरी आहे, ही श्रद्धा शिल्लक असावी लागते. हा मजकूर लिहिणारा माणूस पुन्हा उठला आणि रोहिल्यांची जमवाजमव करू लागला, यात म्हणूनच विसंगती नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये ते पकडले गेले आणि त्यांचे आत्मकथन खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडण्यात आले. देशबांधवांपाशी दिलेली कबुली न्यायासनापुढे गुन्ह्याची कबुली झाली. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या बंदिवासात त्यांचा अंत झाला.

मराठी वाङ्मयातील नैराश्याला हीच कसोटी लावून पाहावी. दुष्काळाने संसार उद्ध्वस्त झालेले तुकोबा विठ्ठलाशी भांडतात. त्यांची हताशा हा संवादच असतो. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’मध्ये (१९४७) देव दूर गेलेला आहे, माणूस यंत्राच्या गर्दीत हरवला आहे, तरीही प्रार्थनेचा सूर मावळत नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) तो सूर संतापाचा होतो आणि थेट समाजाला जाब विचारतो. तिघांच्याही काळोखापुढे कोणीतरी उभे आहे.

याउलट, कोणालाच उद्देशून नसलेली निराशा ही स्वस्त वस्तू आहे. ‘या देशाचे काही खरे नाही’, हे वाक्य कचेरीत आणि शिक्षकांच्या खोलीत रोज उच्चारले जाते. त्यात दुःख थोडे आणि जबाबदारी झटकण्याची सोय अधिक असते. तिला वास्तवाचे भान म्हणून गौरवण्याचे कारण नाही.

परंतु याच सवयीमुळे आपले कान बधिर होतात, हा खरा धोका आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या निबंधात किंवा कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याच्या अर्जात ‘आता काही उरले नाही’, असे शब्द येतात, तेव्हा तेही नेहमीचेच रडगाणे समजून बाजूला सारले जातात. वस्तुतः ज्याने कागद घेऊन तसे लिहिले आणि तो दुसऱ्याच्या हाती दिला, त्याने अजून हाक मारणे सोडलेले नसते. निबंधाला गुण देण्यापूर्वी अथवा अर्जावर शेरा मारण्यापूर्वी ती हाक आपल्यालाच आहे काय, एवढे तरी पाहिले पाहिजे.