शिसे, धूर आणि प्लॅटिनम

मोटारीच्या तळाशी, इंजिन व सायलेन्सर यांच्या दरम्यान पोलादी आवरणाचा एक डबा बसविलेला असतो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. मराठीत ‘उत्प्रेरकी परिवर्तक’ म्हणावयास हरकत नाही. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली आणि तत्कालीन कलकत्ता व मद्रास या महानगरांत विकल्या जाणाऱ्या पेट्रोलवरील नव्या मोटारींना हा डबा सक्तीचा झाला आणि त्याचबरोबर तेथे शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करून देण्यात आले. हा निव्वळ योगायोग नव्हता. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोगच झाला नसता. असे का, हे समजण्यासाठी धातूच्या पृष्ठभागावर वायूंचे वर्तन कसे असते ते पाहिले पाहिजे.

इंजिनात पेट्रोलचे ज्वलन अपुरे राहिले की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणूनच बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे प्राणघातक ठरते. वास्तविक प्राणवायूशी संयोग होऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड व्हावा, हे ऊर्जेच्या दृष्टीने सोयीचेच आहे. परंतु प्राणवायूच्या रेणूतील दोन अणू परस्परांना घट्ट धरून असतात. ती जोडी फुटल्याशिवाय विक्रिया पुढे सरकत नाही, आणि धूर नळीतून बाहेर पडेपर्यंत तेवढा अवधीच मिळत नाही.

ही जोडी प्लॅटिनम फोडतो. डाळीत पाणी मुरते ते शोषण. आरशावर श्वासाची वाफ बसावी तसा वायू केवळ पृष्ठभागावर बसतो ते अधिशोषण. प्राणवायूचा रेणू प्लॅटिनमवर उतरला की त्याचे दोन्ही अणू विलग होऊन धातूला चिकटतात. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू मात्र न फुटता, कार्बनचे टोक खाली करून उभा राहतो आणि पृष्ठभागावर इकडेतिकडे सरकतो. त्याची प्राणवायूच्या अणूशी गाठ पडताच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. या नव्या रेणूला प्लॅटिनमचे फारसे आकर्षण नसते. तो उडून जातो, जागा मोकळी होते आणि धातू जसाच्या तसा राहतो.

येथे एक विलक्षण गोष्ट घडते. कार्बन मोनॉक्साइड वाढला की विक्रियेचा वेगही वाढावा, असे कोणालाही वाटेल. कमी तापमानात घडते ते नेमके उलट. विजेच्या दिव्यांतील तारांच्या अभ्यासातून या विषयाकडे वळलेले अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२२ साली याचे विवेचन केले. प्राणवायूला फुटण्यासाठी शेजारशेजारच्या मोकळ्या जागा लागतात. कार्बन मोनॉक्साइडची दाटी झाली की त्या उरतच नाहीत. उलटपक्षी, प्राणवायूचे अणू विरळ बसतात आणि त्यांच्यामध्ये कार्बन मोनॉक्साइडला शिरकाव मिळतो. हा एकतर्फी अडथळा पुढे जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड एर्टल यांनी बारकाईने उलगडला. पृष्ठभागावरील विक्रियांच्या अभ्यासाबद्दल त्यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्लॅटिनमच्या स्फटिकावर या दोन वायूंच्या थरांच्या चक्राकार लाटा फिरताना त्यांच्या प्रयोगशाळेत दिसल्या. धातूच्या निर्जीव तुकड्यावर असे काही चालत असेल, ही कल्पनाही सहसा मनात येत नाही.

तापमान वाढले की कार्बन मोनॉक्साइडची पकड सैल होते. म्हणूनच परिवर्तक साधारण अडीचशे ते तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावरच नीट काम करू लागतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली एकदोन मिनिटे बाहेर पडणारा धूर जवळजवळ तसाच हवेत मिसळतो. शहरातील लहानसहान फेऱ्यांचे प्रदूषण अंतराच्या मानाने अधिक असते, त्याचे हे एक कारण होय.

डब्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी, असंख्य बारीक मार्ग असलेली चिनीमातीसदृश वीट असते. तिच्यावर ॲल्युमिनाचा सच्छिद्र थर असतो आणि त्या थरात मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. धातू अवघा काही ग्रॅम, पण त्याला आधार देणारा पृष्ठभाग क्रिकेटच्या मैदानाशी तुलना करावी इतका! जोडीला ऱ्होडियम असतो. तो नायट्रिक ऑक्साइडचा रेणू फोडतो. नायट्रोजनचे अणू जोडीने निघून जातात आणि उरलेला प्राणवायू कार्बन मोनॉक्साइडच्या कामी येतो.

आता शिशाकडे वळू. इंजिनातील ठोका टाळण्यासाठी पेट्रोलमध्ये पूर्वी शिशाचे संयुग मिसळत. धुराबरोबर आलेले हे शिसे धातूच्या कणांवर आणि छिद्रांच्या तोंडांवर बसे, ते कायमचेच. कार्बन मोनॉक्साइड उष्णतेने जागा सोडतो, शिसे सोडत नाही. शिसेयुक्त पेट्रोलच्या थोड्याच टाक्यांनी महागडा परिवर्तक निकामी होई. अखेर १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. गंधकही अशीच जागा अडवितो, मात्र त्याची पकड तितकी चिवट नसते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकानुसार पेट्रोलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग इतकी आहे. त्यापूर्वीच्या मानकात ती ५० होती.