बांधापलीकडचा शेजारी

नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही तहसील कचेरीत पेरणीच्या तोंडावर घटकाभर बसले, तर जमिनीचे कितीतरी तंटे परक्याशी नसून लगतच्या शेतवाल्याशीच असतात हे ध्यानात येते : कोणी नांगरताना दरसाल वीतभर बांध कोरतो, कोणी पिढ्यांच्या वहिवाटीची वाट अडवतो, तर कोणी मोजणी होऊनही हद्दीची खूण मानीत नाही. अशा शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी ही ख्रिस्ताची आज्ञा रविवारी उपासनेत वाचली जाते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात सोमवारची तारीख घोळत असली, तर त्यात नवल नाही.

परंतु येशूने ही आज्ञा जेथून घेतली, त्या लेवीय ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात शेताचे कोपरे गरिबांसाठी न कापता ठेवावेत, मजुराची मजुरी रात्रभर अडकवू नये, न्याय करताना थोरामोठ्यांची भीड धरू नये, असे नित्य व्यवहाराचे निर्बंध आहेत. आणि आज्ञेच्या अगदी लगत, चुकलेल्या शेजाऱ्याला त्याच्या तोंडावर बोल लावावा, पण सूड घेऊ नये व मनात दंश धरू नये, असेही बजावले आहे. निर्गम ग्रंथ तर वैऱ्याचा चुकलेला बैल त्याच्या दावणीला नेऊन पोचवा, असे सांगतो. अंतःकरणात उमाळा दाटून येईपर्यंत थांबण्याची मुभा येथे कोणालाच नाही. तेव्हा बांध कोरणाऱ्याविरुद्ध मोजणीचा अर्ज देणे प्रीतीच्या आड येत नाही. ऐन उन्हात त्याची मोटार जळाली असता आपल्या विहिरीला पाणी असूनही त्याचा ऊस वाळू देणे मात्र निःसंशय आड येते.

याहून बिकट प्रश्न मराठवाड्याच्या इतिहासातच आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, नांदेड जिल्हा त्या वणव्यात विशेष होरपळला. विद्यापीठाचा नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली. या प्रदेशातील ख्रिस्ती मंडळ्यांत दलित समाजांतून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. ज्याचे छप्पर गावानेच पेटवले, त्याला प्रीतीचा उपदेश करण्याचा अधिकार सुरक्षित वाड्यात बसलेल्यास कोणी दिला? येशूच्या प्रसिद्ध दृष्टांतात वाटेत घायाळ पडलेल्या माणसाला उचलणारा शोमरोनी हा तिरस्कृत जमातीचा आहे, आणि जा, तूही तसेच कर, हा हुकूम ऐकणारा मात्र प्रतिष्ठित शास्त्री आहे. माझ्या मते या आज्ञेचा भार प्रथम बळवंताच्या खांद्यावर पडतो. दुर्बलाला गप्प बसवण्यासाठी तिचा वापर करणे हा तिचा अपमान होय.

शेजारी आपण निवडतो का, याचाही प्रत्यय याच प्रदेशाने घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असता, किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीच्या जड भिंती कोसळल्या आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. मदतीला धावलेल्यांत ख्रिस्ती सेवासंस्थाही होत्या. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, जमीनधारणेच्या प्रमाणानुसार २५०, ४०० वा ७५० चौरस फुटांची घरे वाटली गेली, आणि पिढ्यानपिढ्यांची आळी मोडून कित्येकांच्या भिंतीला नवीच भिंत लागली. शेजारी निवडता येत नाही, तो वाट्याला येतो, हे सत्य या गावांइतके उघड क्वचितच कोठे दिसले असेल. आणि धर्माची आज्ञा आहे ती अशा वाट्याला आलेल्या माणसाविषयीच, मनाजोगत्या सोबत्याविषयी नव्हे.

वाचकहो, तुमचा दावा खरा असेल तर तो चालवा, साक्षही निर्भयपणे द्या. पण प्रतिवादीच्या घरी कोणी गेल्याचे कळले, तर बोलचाल बंद असली तरी मातीला जा.