आधी भिंत, मग खड्डा

गावाकडे विहीर खणतात तेव्हा आधी खड्डा घेतात आणि खाली कातळ लागला की वरचा मातीचा भाग दगडांनी बांधून काढतात. मधल्या काळात थोडी कड ढासळली तरी बिघडत नाही, कारण शेजारी शेतच असतं. मुंबईसारख्या शहरात हा क्रम उलटा करावा लागतो. इथे खड्ड्याच्या कडेला जुनी चाळ असते, पाण्याची मोठी पाइपलाइन असते, चालू रस्ता असतो. म्हणून आम्ही पायाचं काम करणारे इंजिनिअर आधी जमिनीच्या पोटात भिंत उभी करतो आणि मगच माती काढतो.

मुंबईच्या कुलाबा ते सीप्झ या भुयारी मेट्रोचंच उदाहरण घ्या. साडेतेहेतीस किलोमीटरचा हा मार्ग ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण सुरू झाला. त्याच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. यातल्या अनेक स्थानकांच्या खोदाईभोवती एकमेकांत गुंतलेल्या पाइल्सची भिंत आहे. इंग्रजीत तिला ‘सेकंट पाइल वॉल’ म्हणतात.

पाइल म्हणजे जमिनीत खोल गोल भोक पाडून त्यात ओतलेला काँक्रीटचा खांब. हे भोक ठोकून नव्हे, तर यंत्राने फिरवत पाडतात. ठोकण्याच्या हादऱ्यांनी शेजारच्या भिंतींना तडे जाण्याची धास्ती असते. वरची सैल माती भोकात ढासळू नये म्हणून पोलादी नळा आत सरकवतात. काँक्रीटही वरून फेकत नाहीत. तळापर्यंत पाइप सोडून ते खालून वर भरत आणतात, म्हणजे आतलं पाणी आणि चिखल वर ढकलले जातात.

आता हे खांब नुसते शेजारी शेजारी उभे केले तर मधल्या फटींतून पाणी येणार. मुंबईत बऱ्याच ठिकाणी वर भराव, त्याखाली खाडीचा गाळ, मग मुरूम आणि शेवटी काळा पत्थर असे थर लागतात. पावसाळ्यात पाणी तर हाताभरावर असतं. म्हणून खांब दोन फेऱ्यांत करतात. पहिल्या फेरीत एक, तीन, पाच असे विषम क्रमांकांचे. यात सळ्या नसतात आणि काँक्रीटही सावकाश कडक होणारं असतं. ते पुरतं कडक होण्याआधी मधले दोन, चार, सहा क्रमांकांचे खांब खोदतात. खोदताना यंत्र दोन्ही बाजूंच्या मऊ खांबांचा थोडा थोडा भाग कापत खाली जातं. मग त्यात सळ्यांचा पिंजरा उतरवून काँक्रीट भरलं की कौलांवर कौल चढावं तशी भिंत तयार होते. मातीचा दाब सळ्यांचे खांब पेलतात आणि बिनसळ्यांचे खांब फट बुजवतात.

दाब किती असतो? ढोबळ हिशेब सांगतो. दहा मीटर खोलीवर कोरडी माती भिंतीच्या दर चौरस मीटरला सुमारे सहा टनांनी रेटते. तीच जमीन पाण्याने भरलेली असेल तर हा रेटा तेरा टनांच्या आसपास जातो. त्यातले दहा टन एकट्या पाण्याचे. म्हणूनच खोदाई खाली जाईल तसे भिंतीला आतून आडवे पोलादी टेकू देत जावं लागतं.

या कामात खरी परीक्षा असते ती खांब ओळंब्यात राहण्याची. समजा, एक मीटर व्यासाचे खांब ८० सेंटिमीटरवर घेतले. म्हणजे ते एकमेकांत २० सेंटिमीटर गुंतले. आता दोनशेला एक एवढा कल म्हणजे वर उभं राहून डोळ्याला दिसणारही नाही. पण वीस मीटर खोलीवर खांब दहा सेंटिमीटर सरकलेला असतो. शेजारचा तेवढाच विरुद्ध बाजूला कलला, तर गुंतवण संपली. याहून जास्त कलले की खाली फट पडते.

फट लहान असली तरी तिच्यातून पाण्याबरोबर वाळू वाहते आणि बाहेर जमीन पोकळ होते. जर्मनीतल्या कोलोन शहरात ३ मार्च २००९ रोजी ऐतिहासिक दस्तऐवजांच्या संग्रहाची इमारत कोसळली आणि शेजारच्या घरांतले दोन तरुण दगावले. समोर भुयारी रेल्वेची खोदाई चालू होती. तिथली भिंत खांबांची नव्हती, सलग तुकड्यांची होती. पण तिच्यात खोलवर दोष राहिला होता आणि तिथून वाळू व पाणी खड्ड्यात घुसलं, असं तज्ज्ञांनी न्यायालयापुढे सांगितलं.

तेव्हा तुमच्या इमारतीशेजारी तळघराची खोदाई सुरू होणार असेल, तर आधीच घरातल्या तड्यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. इमारत किती खचली, कलली, याची मोजणी कोण करणार आणि आकडे सोसायटीला मिळणार का, हे लेखी विचारा. खड्ड्यातून उपसलेल्या पाण्यावरही लक्ष ठेवा. स्वच्छ पाण्याचाही फार उपसा झाला तर गाळाची जमीन बसते. आणि पाणी सतत गढूळ येत असेल, तर त्याच दिवशी साइटवरच्या इंजिनिअरला गाठा. त्या पाण्यातली माती कुणाच्या तरी पायाखालची असू शकते.