पालकांसाठी संदेश, बालकांसाठी खेळ

बालशिक्षण आदिवासी पाड्यांच्या अंगणापर्यंत नेण्याचे कार्य ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी-कोसबाड परिसरात केले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि कालांतराने अंगणवाडी गावोगावी पोहोचली. तथापि अंगणवाडीत बालक दिवसाचे काही तासच असते. उरलेला वेळ ते घरी असते. म्हणूनच पालकांस साहाय्य करणे अगत्याचे ठरते.

अलीकडे या कार्यास मोबाईल फोनची जोड मिळाली आहे. अनेक ठिकाणी सेविका पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर घरी करावयाची लहानशी कृती पाठवितात. कडधान्ये निवडून वेगळी करणे, भाकरीचा गोल आकार ओळखणे, निजताना गोष्ट सांगणे, अशा कृतींस वेगळा खर्च लागत नाही.

मात्र हा संदेश पालकांसाठी असतो, फोन बालकाच्या हाती देण्यासाठी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २ वर्षांखालील बालकांस पडद्यासमोर बसवू नये. २ ते ४ वर्षे वयात ही मर्यादा फार तर एक तासाची असावी.

दुसरी अडचण अशी की, ज्या घरात एकच फोन असतो, तेथे तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि संदेश आई-आजीपर्यंत पोहोचत नाही. अशा घरांची नोंद सेविकेने ठेवावी व ग्रामपंचायतीने पालक मेळाव्यांस साहाय्य करावे. गृहभेटीची जागा फोन घेऊ शकत नाही; तो तिला पूरक ठरावा, यातच या उपक्रमाचे यश आहे.