कुंभकोणम, बडोदे आणि पॅरिस

तंजावरच्या मराठी राज्यामागून कावेरीकाठी स्थायिक झालेल्या देशस्थ घराण्यांपैकी एकात, कुंभकोणम येथे १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव १८७५ मध्ये बडोद्याच्या दिवाणगिरीवर रुजू झाले, तेव्हा तेथील महाराज मल्हाररावांच्या पदच्युतीनंतर विस्कटलेला राज्यकारभार मार्गी लावणे हेच त्यांचे मुख्य काम होते. परंतु त्यांच्याच अमदानीत बडोदे कॉलेज उभे राहिले, आणि त्या कॉलेजातून १९१८ साली तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या हंसाबेन मेहता यांनी पुढे तीस वर्षांनी जगाच्या दप्तरात स्त्रीचे स्थान नोंदविले. माधवरावांचे आप्त, कुंभकोणमचेच दिवाणबहादूर रघुनाथराव, धर्मशास्त्राचे आधार काढून विधवाविवाहासाठी सनातन्यांशी झगडत होते, याचेही स्मरण येथे अवश्य ठेवावे; स्त्रियांच्या हक्कांची मागणी परदेशातून आली, असे म्हणणाऱ्यांना ते पुरेसे उत्तर आहे.

दिवाण मनुभाई मेहतांच्या कन्या असलेल्या हंसाबेन यांनी १९२० साली सरोजिनी नायडूंसमवेत जिनिव्हाची महिला परिषद पाहिली, १९२४ मध्ये ज्ञातीचा रोष पत्करून डॉ. जीवराज मेहतांशी विवाह केला, आणि ज्या अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ साली पुण्यात महाराणी चिमणाबाईंच्या अध्यक्षतेखाली भरले होते, तिचे अध्यक्षपद १९४५-४६ मध्ये भूषवून स्त्रियांच्या हक्कांची सनद पुढे मांडली.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातील ‘सर्व पुरुष’ ही शब्दयोजना काही देशांत अक्षरशः घेतली जाऊन स्त्रिया वगळल्या जातील, हा त्यांचा आक्षेप होता. अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट यांना आरंभी तो धोका जाणवला नव्हता. अखेर ‘सर्व मानव’ हेच शब्द कायम झाले, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे ४८ विरुद्ध शून्य मतांनी, आठ राष्ट्रे तटस्थ राहून, तो जाहीरनामा संमत झाला.

या दुरुस्तीचा गौरव आज सर्वत्र होतो, तो यथायोग्यच आहे. तथापि माझ्या मते त्यांची थोरवी त्याहून एका अधिक कष्टप्रद आग्रहात आहे. केवळ घोषणा करून भागणार नाही, हक्कांच्या अंमलबजावणीसाठी राष्ट्रांवर बंधनकारक करार आणि तक्रारींची दाद लावणारी यंत्रणा हवी, असे हंसाबेन त्या आयोगात सातत्याने सांगत राहिल्या, आणि मोठ्या सत्तांना नेमके हेच नको होते.

१९४९ साली बडोद्यास परतून, त्या जुन्या कॉलेजाला सामावून घेणाऱ्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी स्वीकारले. बंधनकारक करार १९६६ मध्ये संमत झाले व १९७६ मध्ये अंमलात आले, तेव्हा हंसाबेन अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या.